आडनाव सोडा, गाव धरा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजण्याची रीत घराण्यागणिक थोडी वेगळी असते. पण पुष्कळ घरांत जाणती बाई सूप पुढ्यात घेऊन बसते आणि घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकते. गावात शेती करणारा, सुरतेला उधन्यात खोली घेऊन राहिलेला, पुण्यात कंपनीत लागलेला, परदेशी गेलेला, पंधरा दिवसांपूर्वी जन्मलेला, सगळ्यांच्या मुठी पडतात. कुणाचं नाव सुटू नये म्हणून शेजारी बसलेल्या दोघी-तिघी आठवण करून देत राहतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी अशीच मोजणी चालू असताना काकू मध्येच थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "नवापूरवाल्यांची मूठ धरायची का?" आईनं मान हलवली आणि मूठ पडली. नवापूरकडे आपलं कुणी आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पणजोबांचा धाकटा भाऊ छप्पनच्या दुष्काळात गुरं घेऊन पश्चिमेकडे गेला आणि तिकडेच राहिला. त्यानंतर चार पिढ्यांत कुणी कुणाच्या लग्नाला गेलं नव्हतं, नात्याचा एक कागद घरात नव्हता, पण गव्हाची मूठ दरवर्षी पडत होती.

तेव्हापासून मी आमच्या घराण्याचा माग काढतो आहे आणि जळगाव-धुळ्याकडच्या दहा-बारा कुटुंबांना त्यांचा काढायला मदतही केली आहे. त्यातून जे कळलं ते इथे सांगतो. सगळ्यात आधी एकच गोष्ट पक्की मनात धरा. खानदेशात आडनावाच्या मागे लागू नका, गावाच्या मागे लागा.

याचं कारण साधं आहे. पाटील, चौधरी, महाजन, देशमुख ही मुळात कामाची आणि मानाची नावं. ज्या घरात गावची पाटीलकी होती ते पाटील, आणि पुढे त्यांचे सगळे भाऊबंदही पाटील. मराठा, कुणबी, लेवा, गुजर, राजपूत, कोळी, सगळ्या समाजांत पाटील सापडतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, बापानं सांगितलं आणि तेच पुढे कायम झालं. मागच्या पिढीच्या कागदावर तेच घराणं पवार, सोनवणे, बोरसे, देवरे किंवा निकम असू शकतं. आणखी मागे गेलं की आडनावच नसतं, नुसतं 'दगडू वलद फकिरा' असतं. 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'बिन'चाही अर्थ तोच. बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' आला की त्यापुढचं नाव नवऱ्याचं.

बहिणाबाई चौधरींचंच पाहा. जन्म १८८०चा, गाव असोदे, वडील उखाजी महाजन. लग्न होऊन त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या. महाजन आणि चौधरी दोन्ही मानाचीच नावं, दोन्ही गावोगाव आढळणारी. नुसत्या आडनावावर शोधत बसलं तर असोद्याची लेक आणि जळगावची सून एकच, हे कोणतीही यादी सांगणार नाही. गावावरून ते सापडतं.

आता गाव कसं सापडायचं? सुरुवात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून करा, आणि ही सुरुवात आज करा. कचेरीतलं रजिस्टर पुढच्या वर्षीही तिथेच असेल, नव्वदीतली आजी असेलच असं नाही. मात्र 'आपण मूळचे कुठले?' असं थेट विचारू नका. त्याला 'इथलेच' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा: आपल्याकडे जाऊळ कुठल्या देवीला काढतात? लग्नाची पहिली पत्रिका कुणापुढे ठेवतात? कुणाकुणाच्या घरी माणूस गेलं की आपण दहा दिवस सुतक धरतो? कोणत्या गावच्या कोणत्या घरांशी आपली सोयरीक होत नाही, आणि का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. 'ते आपले भाऊबंद आहेत' हे त्याचं उत्तर निघालं, तर तिथे तुमची एक शाखा आहे.

कुलदैवताच्या जागेवरून तर गावाची दिशाच मिळते. म्हसदीची धनदाई, आडगावजवळची सातपुड्यातली मनुदेवी, धुळ्याची एकवीरा, वणीची सप्तशृंगी, यांपैकी कुणाकडे तुमचं घराणं जातं ते नोंदवा. जळगाव शहरात चार पिढ्या काढलेलं घर जाऊळ काढायला साक्री तालुक्यात म्हसदीला जात असेल, तर शोध त्याच वाटेनं पुढे न्यावा. घरातली बोलीही अशीच उपयोगी पडते. आजी मुलीला 'आंडेर' आणि मुलाला 'आंडोर' म्हणत असेल तर घर अहिराणीचं. रावेर, यावल, भुसावळकडची लेवा गणबोली वेगळी आणि गुजरांची गुजरी आणखी वेगळी. म्हणून आजीचं बोलणं फोनवर तिच्याच बोलीत रेकॉर्ड करा. ते प्रमाण मराठीत उतरवून घेताना नेमका कामाचा शब्द गळून पडतो.

वर्षं विचारली तर म्हाताऱ्यांना सांगता येत नाहीत, घटना विचारल्या तर सांगता येतात. छप्पनचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. मानमोडीची साथ १९१८ची. त्या साथीत एकेका घरात दोन-तीन माणसं गेली, त्यामुळे पुष्कळ वंशावळींत तिथे फांदी अचानक तुटलेली दिसते. फैजपूरची काँग्रेस डिसेंबर १९३६ची. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. यावल-रावेरकडच्या कितीतरी घरांत 'काँग्रेसच्या वर्षी जन्मलेला' असा एखादा तात्या किंवा आप्पा असतो. १९७२चा दुष्काळ तर आजच्या साठीतल्या माणसांनीही पाहिला आहे. या खुंट्यांना जन्म-मृत्यू अडकवत गेलं की बहुतेक माणसांची वर्षं दोन-चार वर्षांच्या फरकानं बसतात.

आप्पा, नाना, जिभाऊ ही घरातली नावं. कागदावरचं नाव दुसरंच असतं, तेही विचारून घ्या. त्यातही दगडू, धोंडू, कचरू, भिका, उखा अशी नावं आली तर जरा थांबा. आधीची मुलं जगत नाहीत म्हणून पुढच्या मुलाला नजर लागू नये अशा समजुतीनं अशी नावं ठेवत. म्हणजे त्याच्या आधी एक-दोन भावंडं गेलेली असण्याचा संभव मोठा. मृत्यूच्या नोंदींत त्या लहानग्यांचा शोध घ्या. आमच्या घराण्यात अशी दोन नावं मला सापडली, ज्यांची आठवण घरात कुणालाच उरली नव्हती.

कचेरीत जाण्याआधी घरातली ट्रंक उघडा. जातवैधता प्रमाणपत्रासाठी कुणीतरी कधीतरी धावपळ केलेली असतेच. त्या फायलीत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांचा उतारा आणि शपथपत्रावर काढलेली वंशावळ असते. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. त्यामुळे हे काम कुणा चुलत्यानं आधीच अर्धं करून ठेवलेलं असतं. चुलत घरांच्याही फायली मागा. फक्त त्या वंशावळीत प्रमाणपत्रासाठी लागणारी एकच रेघ असते, बहिणी आणि निपुत्रिक काका तिथे नसतात, हे ध्यानात असू द्या.

गावाचं नाव हाती आल्यावर ते नेमकं कोणतं गाव, हे पाहावं लागतं. पिंप्री, वडगाव, सावखेडा, टाकळी, लोणी ही नावं खानदेशात जागोजाग आहेत. नावापुढे बु. म्हणजे बुद्रुक, खु. म्हणजे खुर्द, आणि 'प्र.' म्हणजे प्रगणे. चाळीसगावकडे 'टाकळी प्र. चा.' असं लिहितात. त्या दोन अक्षरांत जुना प्रगणा दडलेला आहे, आणि मोडी कागदांत गाव तालुक्याखाली नव्हे, प्रगण्याखाली लावलेलं असतं. ही अक्षरं गाळू नका.

तालुके आणि जिल्हेही हलले आहेत. आधी सगळा एकच खानदेश जिल्हा होता. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण तिकडे गेले. १९०६ साली पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. १९६० साली राज्य झालं तेव्हा पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. १८८०च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये सोळा तालुके दिले आहेत, त्यांत सावदा, नसिराबाद, वीरदेल आणि पिंपळनेर अशी नावं दिसतात. आजच्या रावेर-यावलकडचा शोध सावद्याखाली, शिंदखेड्याकडचा वीरदेलखाली, साक्रीकडचा पिंपळनेरखाली आणि खुद्द जळगावचा नसिराबादखाली घ्यावा लागतो. मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद असतं. बोदवड आणि धरणगाव हे तालुके तर अगदी अलीकडचे.

जुना तालुका माहीत असावा, हे मी अनुभवानं सांगतो. एका कचेरीत मला तीन खेपा 'ते रजिस्टर जीर्ण झालंय, मिळणार नाही' असं उत्तर मिळालं. चौथ्या खेपेला तिथल्या वयस्कर अभिलेखपालाला गावाचा जुना तालुका सांगितला. त्यांनी मागच्या रॅकवरचा दुसराच गठ्ठा सोडला. रजिस्टर धडधाकट होतं, जुन्या तालुक्याच्या फडक्यात बांधलेलं होतं एवढंच.

कधी गावच सापडत नाही, तेव्हा 'बेचिराग' हा शब्द शोधा. जिथे दिवा लागत नाही ते बेचिराग गाव. महसुली दप्तरात गाव राहतं, जमिनीचे नंबर राहतात, वस्ती मात्र उठलेली असते. १८०३-०४चा दुष्काळ, होळकरांच्या काळातल्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी यांनी खानदेश उजाड झाला होता. १८१८ साली इंग्रज आले तेव्हा गावंच्या गावं ओस होती. नंतरच्या काळात माणसं पुन्हा वसली, काही परतून आली, काही बाहेरून नव्यानं आली. त्यामुळे सध्याच्या गावातली कहाणी सात-आठ पिढ्यांवर जाऊन थांबली तर निराश होऊ नका. त्याआधीची कहाणी बहुधा दुसऱ्या गावात आहे. तापीवरच्या हतनूर आणि उकाई धरणांनी हललेल्या गावांचंही तसंच. 'जुनं गाव' कोणतं, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मुख्य कागद. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ असतो, त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. कोतवालानं सांगितलेल्या गावातल्या जन्म-मृत्यूच्या या नोंदी, जुन्या असल्या तर मोडीत. अर्जात गावाचं नाव, नमुन्याचा क्रमांक आणि वर्षांचा पट्टा नेमका लिहा, 'आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी' असं मोघम लिहू नका. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर दुसरं साधन. त्यात जन्मतारीख, जन्मगाव आणि मूल आधी कोणत्या शाळेत होतं हे असतं. घर एका गावातून दुसऱ्या गावात कधी गेलं, ते इथे कळतं. तारखेवर मात्र फार विसंबू नका. जुन्या रजिस्टरांत १ जूनला जन्मलेली मुलं किती आहेत ते पाहिलंत की कारण कळेल.

जमिनीचे कागद माझे सगळ्यात आवडते. १९०३च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी सुरू झाली, आणि तेव्हापासूनचे फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, ओळीनं वाचले तर घराची कथा उलगडत जाते. आजच्या सातबाऱ्यावर डाव्या-उजव्या बाजूला वर्तुळात फेरफार क्रमांक असतात. ते एकेक मागे काढत जा. अमका खातेदार मयत, वारस अमुक-तमुक. एके ठिकाणी मला असं दिसलं: आजोबांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' अशी अक्षरं. अज्ञान पालनकर्ता आई. म्हणजे बाप गेला तेव्हा पोर लहान होतं आणि जमीन विधवा आईनं सांभाळली. पुढच्याच फेरफारात सावकाराकडे गहाण, आणि अकरा वर्षांनी त्याच मुलाच्या नावे गहाण सुटल्याची नोंद. ज्या पणजीचं नावही घरात कुणी घेत नव्हतं, तिनं जमीन राखली होती. 'ए.कु.मॅ.' दिसलं तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे भाऊ अजून वाटणीला आले नव्हते. कुळ कायद्याखालच्या ३२-गच्या निवाड्यांत तर माणसांचे जबाबच असतात, ते जरूर मागा. महाराष्ट्र शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने कागद पाहता येतात, धुळे जिल्हा त्यात आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात जुनी रजिस्टरं मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, वाचली गेली, स्कॅन झाली. तुमचा समाज कोणताही असो, तुमच्या गावाचं रजिस्टर त्यात वर आलं आहे का ते पाहा.

बायकांचा माग काढणं सगळ्यात अवघड, आणि म्हणूनच तिथे दुप्पट कष्ट घ्या. वंशावळीत आजीच्या जागी नुसती रेघ असते. पण तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे, पहिलं बाळंतपण माहेरी होतं. घरातल्या थोरल्या मुलाची जन्मनोंद तुमच्या गावात मिळत नसेल तर ती त्याच्या मामाच्या गावच्या कोतवाल बुकात शोधा. मिळाली की आजीचं माहेर मिळालं. दुसरी वाट, १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारसांत येऊ लागली. मग भावांनी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतली. त्या हक्कसोड पत्रात प्रत्येक बहिणीचं सासरचं नाव आणि राहण्याचं गाव असतं. दुय्यम निबंधकाकडच्या या कागदांनी मला आमच्या घराण्यातल्या पाच आत्या परत मिळवून दिल्या. तिसरी वाट, कुणाच्याही घरी गेलात की ओसरीवरच्या पुरुषांशी बोलून झाल्यावर आत स्वयंपाकघरात जा. कोण कुणाची फुई, कुणाची मावसबहीण कुठल्या गावी दिली, हे तिथेच कळतं.

खानदेशात गुजर, लेवा पाटीदार, राजपूत या समाजांत भाट येतात. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. काही वर्षांनी ते गावात येतात, ज्या घरी उतरतात तिथे वही वाचतात आणि नवी जन्मलेली नावं चढवून घेतात. लेव्यांमध्ये आणि गुजरांमध्ये गुजरातेतून आल्याची सांगी आहे, आणि त्या प्रवासाच्या गावांची माळ या वह्यांतच असते. जळगाव-धुळ्यातल्या मारवाडी कुटुंबांच्याही वह्या राजस्थानातल्या भाटांकडे आहेत. भाट आला की त्याला घाईत दक्षिणा देऊन वाटेला लावू नका. त्याला पूर्ण वाचू द्या, ध्वनिमुद्रण करा आणि परवानगीनं पानाचा फोटो घ्या. वहीत साल संवतात असतं. दिवाळीला बदलणाऱ्या संवतातून ५७ वजा केले, आणि जानेवारी ते दिवाळी असेल तर ५६, की इसवी सन येतो. शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते चैत्रापर्यंत ७९. मोडी कागदांतल्या अरबी सनात साधारण ६०० मिळवायचे.

त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळी हेही मोठं साधन. तिथेही आडनावानं गोंधळ होतो, गाव सांगितलं की वही निघते. घराण्यातलं कुणी काशी, गया, हरिद्वारला जाऊन आलं असेल तर तिथल्या पंड्यांच्या वह्यांतही आपल्या माणसाची सही किंवा अंगठा सापडू शकतो.

भाटाच्या वहीबद्दल एक स्पष्ट सांगतो. अलीकडच्या सात-आठ पिढ्या बहुतेक बरोबर असतात, कारण त्या समोर बसून लिहिलेल्या असतात. त्यापलीकडे वही एखाद्या नामांकित राजाला किंवा ऋषीला जाऊन भिडते. तो भाग घराण्याच्या मानाचा आहे, पुराव्याचा नाही. तो आपल्या वहीत वेगळ्या पानावर लिहा. वंशावळीत घालू नका. लाळेची नळी परदेशी पाठवून करायच्या डीएनए चाचण्यांवरही खर्च करण्याची मला गरज वाटत नाही. त्या तुम्हाला गाव सांगत नाहीत.

मोडी शिका, निदान घरातल्या एकानं तरी. खानदेशचं भाग्य असं की धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ला त्यांचं धुळ्यातच निधन झालं आणि १९२७ साली त्यांच्या नावानं राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली दप्तरं तिथे आहेत, मंडळाचं 'संशोधक' त्रैमासिकही आहे. धुळ्यातलंच श्री समर्थ वाग्देवता मंदिर हे नानासाहेब देवांनी उभारलेलं हस्तलिखितांचं घर. या दोन्ही ठिकाणी तुमच्या पणजोबांचं नाव मिळेलच असं नाही. पण जुने प्रगणे, वतनं, देशमुख-देशपांड्यांची घराणी यांची माहिती असलेली माणसं तिथे भेटतात. पाटीलकी, कुळकर्ण किंवा जोसपणाचं वतन असलेल्या घराण्यांनी पुण्याच्या पुरालेखागारातल्या पेशवे दप्तरापर्यंत जायला हरकत नाही.

आता घर सोडून गेलेल्यांबद्दल. खानदेशातून बाहेर जाणारी सगळ्यात मोठी वाट सुरतेची आहे, आणि ती रुळांची आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरत-अमळनेर ताप्ती व्हॅली रेल्वे झाली. तिच्यावरून आधी कापूस गेला, मग दुष्काळातली माणसं गेली, आणि पुढे यंत्रमाग आणि कापड गिरण्यांसाठी तालुकेच्या तालुके गेले. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथे आज अहिराणी सहज कानावर पडते. कानबाई तिथेही बसते. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील यांचा जन्मही जळगाव जिल्ह्यातलाच. तुमची शाखा सुरतेत हरवली असेल तर तिथल्या महापालिकेच्या मराठी शाळांची रजिस्टरं पाहा, त्यांत जन्मगाव असतं. गुजरातच्या २००२ सालच्या मतदारयाद्याही पाहण्यासारख्या आहेत. मात्र त्या गुजराती लिपीत आहेत आणि आडनाव आधी असतं. म्हणून पुन्हा तेच सांगतो, 'पाटील' शोधू नका. गल्लीत जाऊन 'अमळनेरकडचे कोण?', 'दोंडाईच्याकडचे कोण?' असं विचारा. सुरतेत खानदेशी माणसं गावागावांनी एकत्र राहिलेली दिसतात.

उलट दिशेनं, सुरतेतल्या तिसऱ्या पिढीला माझी विनंती आहे. आजोबांचं गाव केवळ 'जळगाव' किंवा 'महाराष्ट्र' म्हणून मुलांना सांगू नका. गाव, तालुका, आणि गल्लीत घर कुणाच्या शेजारी होतं एवढं लिहून ठेवा.

भुसावळचं तसं वेगळं. रेल्वे आली तेव्हापासून तिथे देशभरातून माणसं आली आणि बदल्यांवर देशभर गेली. रेल्वेतल्या माणसाचं सर्व्हिस बुक आणि पेन्शनचे कागद जपून ठेवा. त्यात नेमणुकीच्या वेळी सांगितलेलं मूळ गाव असतं. धुळ्यातल्या विणकर मोमीन कुटुंबांत उत्तरेतून आल्याच्या आठवणी आहेत. त्यांनी मशिदीच्या आणि कबरस्तानाच्या वह्या, निकाहनामे पाहावेत.

समुद्रापार गेलेल्यांसाठी मॉरिशसकडे पाहा. १८३४ पासून करारावर तिथे गेलेल्या भारतीय मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत: क्रमांक, जहाज, बापाचं नाव, गाव. तिथले मराठी लोक प्रामुख्यानं कोकण आणि साताऱ्याकडचे. पण त्यांच्या नातवंडा-पतवंडांची अडचण आपल्याला फार शिकवते. कारकुनानं गावाचं नाव कानाला ऐकू आलं तसं रोमन लिपीत लिहिलं, आणि आज दीडशे वर्षांनंतर ते गाव नकाशावर बसत नाही. १९६५च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर तिकडे गेलेल्या आपल्या मुलांच्या घरी हेच होऊ घातलं आहे. 'एरंडोल' आणि 'आमोदे' रोमनमध्ये पाच तऱ्हांनी लिहिता येतं. गावाचं नाव देवनागरीत, तालुक्यासह, एका कागदावर लिहून पासपोर्टच्या जुन्या प्रतींसोबत ठेवायला सांगा.

जे मिळेल त्यापुढे कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कोणत्या रजिस्टरच्या कोणत्या पानावर दिसलं, एवढं लिहायला विसरू नका. दोन माणसांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. आणि दुसरं लग्न, टाकलेली बायको, दत्तक, वाटणीचं भांडण असं काही सापडलं तर ते लिहून ठेवा, पण हयात माणसांना विचारल्याशिवाय नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. एका कुटुंबात मी हे होताना पाहिलं आहे. तिथे शोध त्याच दिवशी थांबला आणि दोन भाऊ आजही बोलत नाहीत.

नवापूरला मी शेवटी गेलो. ज्या घरी गेलो तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बस. तुमच्या नावाच्या मुठी आम्हीपण धरतो."

यंदा कानबाईचे गहू मोजले जातील तेव्हा सूप घेऊन बसलेल्या बाईच्या शेजारी वही घेऊन बसा. प्रत्येक मुठीला एक नाव लिहा आणि नावापुढे गाव लिहा. आणि जिच्या नावानं मूठ पडत नाही, त्या प्रत्येक लेकीचं आणि सुनेचं नाव माहेरच्या गावासह त्याच पानावर लिहा.